दारूत मिथेनॉल आहे का, ते लॅबमध्ये कसं तपासायचं: कॅनपासून रिपोर्टपर्यंत

मी तेव्हा परभणीला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. जिंतूर तालुक्यातल्या आमच्या गावात सकाळचे दहा वाजलेले, ऊन चांगलं चटकायला लागलेलं अन् आमच्या भावकीतला एक माणूस ओट्यावर बसून बायकोला विचारत होता, लाईट गेली का गं. तिला वाटलं रात्रीची अजून उतरली नाही. आमच्याकडं लाईट जाणं काही नवं नाही त्यामुळं कुणी त्या बोलण्याकडं लक्षच दिलं नाही, दुपारपर्यंत त्याचा श्वास लोहाराच्या भात्यासारखा चालायला लागला तेव्हा कुठं जीप करून नेलं. माणूस वाचला, डोळे गेले. त्याच्यासोबत आदल्या रात्री प्यायला अजून दोघं बसले होते, त्यातला एकजण त्या सकाळी चांगला मोटर चालू करून उसाला पाणी देत होता, त्याला काहीच झालेलं नव्हतं, म्हणजे तोपर्यंत झालेलं नव्हतं. तो दुसऱ्या दिवशी गेला.

हा उसाला पाणी देणारा माणूस माझ्या डोक्यातून आजपर्यंत गेला नाही. त्याच्याकडं अख्खा एक दिवस होता. कुणी सांगितलं असतं की कालच्या त्या कॅनमध्ये मिथेनॉल आहे, तर त्याला चालत्या पायानं दवाखान्यात नेता आलं असतं. पुढं एमएस्सी ॲनालिटिकल करून मी या कामात आलो, आता नवीन पोरं-पोरी लॅबला लागतात, वाळूजला, चिकलठाण्याला, लातूरला, नांदेडला, अन् त्यांना पद्धत माहीत असते पण कुठं काय चुकतं ते माहीत नसतं, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

आधी एवढं समजून घ्या की मिथेनॉल (इंडस्ट्रीत वापरायचं, पिण्याचं नसलेलं अल्कोहोल) स्वतः तितकं घातक नाही जितकं त्याचं शरीरात जे होतं ते. लिव्हरमधलं अल्कोहोल डिहायड्रोजनेज नावाचं एन्झाइम त्याचं फॉर्मल्डिहाइड करतं, तिथून लगेच फॉर्मिक ॲसिड होतं, अन् हे फॉर्मिक ॲसिड पेशींचा श्वासच अडवतं, सगळ्यात आधी मार बसतो डोळ्याच्या नसेला. रक्तात ॲसिड वाढलं की श्वास जोरात चालतो. या सगळ्याला साधारण १२ ते २४ तास लागतात, आणि दारूत सोबत साधं इथेनॉल, म्हणजे नेहमीच्या दारूतलं अल्कोहोल, असेल तर त्याहून जास्त, कारण एन्झाइम आधी इथेनॉलच्या मागं लागतं अन् मिथेनॉल रांगेत थांबतं. म्हणून तर माणूस म्हणतो, मला तर काल काही झालं नाही. शुद्ध मिथेनॉल १० मिली पोटात गेलं तरी नजर जाऊ शकते आणि ३० मिलीच्या आसपास जीव जाऊ शकतो. ३० मिली म्हणजे बारमधला एक छोटा पेग.

मुंबईत मालवणीला २०१५ च्या जूनमध्ये विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली, त्याच्याआधी २००४ ला विक्रोळीत, गुजरातमध्ये बोटादला २०२२ च्या जुलैमध्ये, तमिळनाडूत कल्लाकुरिचीला २०२४ च्या जूनमध्ये साठच्या वर. बोटादला तर लोकांनी जे पिलं ते जवळपास मिथेनॉलच होतं, पाणी घालून विकलेलं. आपल्याकडं बऱ्याच लोकांचा समज असतो की हातभट्टीवाल्याची भट्टी बिघडली म्हणून विषारी झाली, नवसागर जास्त पडला म्हणून झाली. गुळाच्या सडव्यातून मिथेनॉल नगण्य तयार होतं बरं का, कारण मिथेनॉल येतं फळातल्या पेक्टिनमधून आणि गुळात पेक्टिन नसल्यात जमा. नवसागरानं दुसरे त्रास होतात, त्यानं मिथेनॉल होत नाही. एवढी माणसं मरतात ती इंडस्ट्रीतलं मिथेनॉल कुणीतरी स्वस्तात आणून दारूत ओततो म्हणून, किंवा दारू म्हणून थेट तेच विकतो म्हणून.

आता घरगुती परीक्षांबद्दल, कारण गावात अजून सर्रास करतात. चमच्यात घेऊन काडी लावायची, निळी ज्योत आली तर चांगली. इथेनॉलची ज्योत निळी, मिथेनॉलची पण फिकट निळी, उजेडात तर दिसतच नाही, आणि दोन्ही मिसळलेले असले तर कुणाच्या बापाला सांगता येणार नाही. वासानं कळत नाही, चवीनं कळत नाही. सगळ्यात फसवं आहे ते हायड्रोमीटर, म्हणजे दारूत तरंगवून कडकपणा बघायची काचेची नळी. इथेनॉलची घनता ०.७८९, मिथेनॉलची ०.७९१. म्हणजे हायड्रोमीटर बुडवला की तो फक्त एवढंच सांगतो की अल्कोहोल कडक आहे, कुठलं अल्कोहोल ते त्याला कळतच नाही, अन् मिथेनॉल घातलेली दारू उलट जास्त भारी माल म्हणून दिसते. त्यामुळं कुणी म्हणलं की मी मीटर लावून बघितलंय तर त्याला नीट समजावून सांगा.

सॅम्पल घेण्यापासून सुरुवात करू, कारण अर्ध्या चुका इथंच होतात. हातभट्टीचा माल येतो प्लास्टिकच्या कॅनमध्ये नाहीतर रबरी ट्यूबमध्ये, त्यात तो ठेवून लॅबला पाठवायचा नाही. काचेची स्वच्छ कोरडी बाटली, आत टेफ्लॉनची चकती असलेलं घट्ट झाकण, आणि बाटली गळ्यापर्यंत भरायची. अर्धी भरली तर वरच्या मोकळ्या जागेत वाफ जाते, आणि मिथेनॉल उकळतंच ६४.७ अंशाला, इथेनॉलच्या तेरा-चौदा अंश आधी, म्हणजे पहिलं उडणारं तेच. मे महिन्यात परभणी-नांदेडला ४३ अंश असतं, जीपच्या मागच्या डिकीत त्याहून कितीतरी जास्त, तिथं चार तास सैल झाकणाची बाटली पडली तर तुमच्या हातात येणारं सॅम्पल हे ते सॅम्पलच नसतं. थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून आणा, लॅबला आलं की फ्रीजमध्ये.

दुसरी गोष्ट, कॅन दहा असतील तर सॅम्पल दहा. मिथेनॉल, इथेनॉल, पाणी हे तिन्ही एकमेकांत पूर्ण मिसळतात, थर होत नाहीत, त्यामुळं एका कॅनमधून वरचं घेतलं काय अन् खालचं घेतलं काय, फरक पडत नाही. पण एका कॅनमध्ये ओतलेलं असतं अन् शेजारच्या कॅनमध्ये नसतं, हे मात्र नेहमीचं आहे. वेळ वाचवायला म्हणून दहा कॅनमधलं थोडं थोडं एका बाटलीत एकत्र करणं म्हणजे एका कॅनमधलं विष नऊ कॅनच्या दारूत पातळ करून लपवणं झालं. प्रत्येक बाटलीवर कॅनचा नंबर, जागा, तारीख, वेळ, पंचांच्या सह्या, लाखेचं सील. लॅबमध्ये सील फोडायच्या आधी फोटो काढा, सील शाबूत आहे की नाही ते रजिस्टरला लिहा. पोलीस ज्याला सीए (केमिकल ॲनालायझर) रिपोर्ट म्हणतात तो कोर्टात टिकतो की पडतो ते बऱ्याचदा या एका ओळीवर असतं, मशीनवर नाही.

सॅम्पल रंगीत असेल, कॅरामल (रंगासाठी घातलेली जळकी साखर) असेल, साखर असेल तर कलर टेस्टच्या आधी डिस्टिल करावंच लागतं, म्हणजे उकळून वाफ परत गार करून गोळा करावी लागते, कारण पुढं सल्फ्युरिक ॲसिड पडणार आहे आणि साखर त्यात जळून काळी होते, मंग जांभळा रंग कसा बघणार. २०० मिली सॅम्पल मोजून घ्या, थोडं डिस्टिल्ड वॉटर, उकळताना उसळू नये म्हणून काचमणी, आणि कंडेन्सरचं पाणी खरंच गार पाहिजे. आमच्याकडं टँकरचं पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं, उन्हाळ्यात दुपारी ते हाताला चटका देतं, त्या पाण्यावर कंडेन्सर चालवला तर सुरुवातीची वाफ, म्हणजे नेमकं मिथेनॉलच, तशीच हवेत निघून जाते. बादलीत बर्फाची लादी टाकून छोट्या पंपानं पाणी फिरवा अन् डिस्टिलेट गोळा करायचा फ्लास्कही बर्फात ठेवा. २०० मिलीच्या मार्कच्या जरा अलीकडं थांबा, सॅम्पल मोजलं त्याच तापमानाला आणा अन् मार्कपर्यंत पाणी करा. यावरून अल्कोहोलचं टक्केवारी माप काढून लिहून ठेवा, ते पुढं दोनदा लागणार आहे.

इथं एक पाच मिनिटांची युक्ती आहे जी हल्ली कुणी शिकवत नाही. डिस्टिलेटचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स, म्हणजे त्यातून जाताना प्रकाश किती वाकतो तो आकडा, रिफ्रॅक्टोमीटरवर बघा. पाण्याचा १.३३३, इथेनॉलचा १.३६१, मिथेनॉलचा १.३२८, पाण्यापेक्षाही खाली. घनता म्हणते ४० टक्के अल्कोहोल आहे अन् रिफ्रॅक्टोमीटरचा आकडा ४० टक्के इथेनॉलच्या टेबलपेक्षा बराच खाली बसतो, तर समजा काहीतरी गडबड आहे. थोडं मिथेनॉल यानं सापडत नाही, पण माणसं मारण्याइतकं भरपूर ओतलेलं असेल तर तिथंच दिसतं, आणि दहा बाटल्यांपैकी आधी कुठली लावायची ते कळतं. डिस्टिल न करता थेट बघू नका, साखर असली तर आकडा वर जातो अन् तुम्ही फसता.

आता क्रोमोट्रोपिक ॲसिडची पद्धत. जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफ, वाफ करून पदार्थ वेगळे करणारं मशीन) नसलेल्या लॅबचा खरा आधार हाच, बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) आयएस ३७५२ मध्येही ही आहे. तत्त्व सोपं आहे, मिथेनॉलचं परमँगनेटनं फॉर्मल्डिहाइड करायचं आणि फॉर्मल्डिहाइड कडक सल्फ्युरिक ॲसिडमध्ये क्रोमोट्रोपिक ॲसिडसोबत जांभळा रंग देतं, तो ५७५ नॅनोमीटरला मोजायचा.

परमँगनेटचं सोल्युशन म्हणजे ३ ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट पाण्यात विरघळवून त्यात १५ मिली फॉस्फोरिक ॲसिड आणि एकूण १०० मिली. क्रोमोट्रोपिकचं सोडियम सॉल्ट ५ टक्के पाण्यात, गढूळ दिसलं तर गाळून, आणि रोजचं रोज ताजं करा, कालचं काळपट पडलेलं वापरलं की ब्लँकच (सॅम्पल नसलेला, तुलनेचा फ्लास्क) वर येतो. स्टॅण्डर्ड (मिथेनॉल किती ते माहीत असलेलं, तुलनेचं) म्हणजे ५.५ टक्के इथेनॉलमध्ये ०.०२५ टक्के मिथेनॉल, ते करायला आधी ५.५ टक्के इथेनॉलमध्ये १ टक्क्याचं स्टॉक बनवा आणि त्यातलं २.५ मिली घेऊन त्याच ५.५ टक्के इथेनॉलनं १०० मिली करा. ब्लँक म्हणजे नुसतं ५.५ टक्के इथेनॉल.

सॅम्पलसुद्धा ५.५ टक्क्यांवर आणायचं. मोजलेलं अल्कोहोल ४२.८ टक्के असेल तर १२.८५ मिली घेऊन १०० मिली पाण्यानं. हे का करायचं ते लक्षात घ्या, परमँगनेट इथेनॉलवरही काम करतो, त्यामुळं मिथेनॉलचं किती फॉर्मल्डिहाइड होणार ते सोबत इथेनॉल किती आहे यावर ठरतं, म्हणून ब्लँक, स्टॅण्डर्ड, सॅम्पल तिघांत इथेनॉल सारखंच हवं. पुढं रंग फार गडद आला म्हणून पातळ करायची वेळ आली तर पाण्यानं नाही, ५.५ टक्के इथेनॉलनंच पातळ करा. लई जणं इथं पाणी ओतून मोकळे होतात.

५० मिलीच्या फ्लास्कमध्ये २ मिली परमँगनेट सोल्युशन, फ्लास्क बर्फात, त्यात बर्फात थंड केलेलं १ मिली सॅम्पल, आणि ३० मिनिटं बर्फातच. बर्फ म्हणजे बर्फ, फ्रीजचं गार पाणी नाही, थंड नसेल तर तयार झालेलं फॉर्मल्डिहाइड पुढं अजून ऑक्सिडाइज होऊन निघून जातं आणि आकडा कमी येतो. ३० मिनिटांनी कोरडं सोडियम बायसल्फाइट चिमटी चिमटीनं, जांभळा-तपकिरी रंग जेमतेम जाईपर्यंत, एकदम चमचाभर टाकू नका, कारण जास्तीचं बायसल्फाइट फॉर्मल्डिहाइडला धरून ठेवतं. मग १ मिली क्रोमोट्रोपिक. मग १५ मिली कडक सल्फ्युरिक ॲसिड, फ्लास्क फिरवत, भिंतीवरून, हळू. इथं फ्लास्क हाताला भाजण्याइतका गरम होतो, फ्युम हूडमध्ये काम करा, चष्मा आणि हातमोजे घाला, घाई केली तर उसळून तोंडावर येतं. त्यानंतर ६० ते ७५ अंशाच्या वॉटर बाथमध्ये १५ मिनिटं, थंड करून सावकाश पाणी घाला, पुन्हा थंड करा, मार्कपर्यंत भरा आणि ब्लँकसमोर ५७५ ला वाचा. बाथमध्ये असताना लाईट गेली तर तो सेट फेकून द्या, परत आली की चालू ठेवू असं करू नका, सहा फ्लास्क पुन्हा करायचं जीवावर येतं हे मला माहितीये, मी स्वतः एका रात्री दोनदा केलेत.

एक जादाचा फ्लास्क मी प्रत्येक सॅम्पलला लावतो, ज्यात परमँगनेट न टाकता बाकी सगळं सारखं. यात जर जांभळा रंग आला तर सॅम्पलमध्ये फॉर्मल्डिहाइड आधीपासूनच आहे, अन् तुम्ही जे मिथेनॉल समजत होता ते कदाचित मिथेनॉल नाही.

हिशोब एकदा करून दाखवतो. समजा स्टॅण्डर्डचं ॲबसॉर्बन्स (रंगानं किती प्रकाश शोषला तो आकडा) ०.५०० आलं अन् सॅम्पलचं ०.१२०. ०.१२० भागिले ०.५००, गुणिले ०.०२५, म्हणजे पातळ केलेल्या सॅम्पलमध्ये ०.००६ टक्के. मूळ सॅम्पल १२.८५ चं १०० केलं होतं, म्हणून गुणिले ७.७८, उत्तर ०.०४६७ टक्के. हे झालं दारूतलं. पण रिपोर्टमध्ये आणि नियमात आकडा असतो १०० लिटर शुद्ध अल्कोहोलमागे किती ग्रॅम. ०.०४६७ टक्के म्हणजे लिटरला ०.४६७ मिली, घनता ०.७९१ नं गुणलं की ०.३६९ ग्रॅम, १०० लिटरला ३६.९ ग्रॅम, आणि दारूत अल्कोहोल ४२.८ टक्केच आहे म्हणून ०.४२८ नं भागायचं, आले ८६ ग्रॅम. ३६.९ लिहिलं अन् ०.४२८ नं भागायचं राहिलं तर रिपोर्ट निम्म्याहून कमी दाखवतो. ही चूक मी छापलेल्या रिपोर्टमध्ये पाहिली आहे.

आता जी गोष्ट मला या पूर्ण लेखात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती. मी सुरुवातीला ज्या लॅबमध्ये होतो तिथं एका संशयित सॅम्पलचा आकडा जवळपास शून्य आला. सगळे खूश. मला ब्लँकचा रंग जरा जास्त वाटत होता पण ब्लँकवर मशीन शून्य केलं की तो रंग दिसतच नाही. नंतर कळलं की शुद्ध इथेनॉलची बाटली संपली होती आणि एका नव्या पोरानं टेबल पुसायच्या स्पिरिटच्या बाटलीतून ५.५ टक्क्याचं सोल्युशन बनवलं होतं. त्या स्पिरिटमध्ये मिथेनॉल घातलेलं असतं, लोकांनी पिऊ नये म्हणून. म्हणजे ब्लँकमध्येच मिथेनॉल, अन् सॅम्पलमधून तेवढं वजा होऊन उत्तर शून्य. त्या दिवशी दुसऱ्यांदा केलं म्हणून सापडलं, सॅम्पलमध्ये होतं. तेव्हापासून माझा नियम आहे, ब्लँक आधी पाण्यासमोर वाचायचा अन् तो आकडा वहीत लिहायचा, रोज. आकड्यानं उडी मारली की काम बंद. आणि प्रत्येक सेटमध्ये एक सॅम्पल असं ठेवायचं ज्यात मी स्वतः माहितीतलं मिथेनॉल घातलंय, ते परत ९० ते ११० टक्क्यांच्या आत मिळालं नाही तर त्या दिवशीचा एकही आकडा बाहेर जात नाही. जास्त दाखवणारी चूक माणूस पुन्हा तपासतो, कमी दाखवणारी चूक सगळ्यांना आवडते म्हणून ती कुणी तपासत नाही.

शिफ रिएजंटवाली पद्धत पण आहे, परमँगनेट, मग ऑक्झॅलिक ॲसिडनं रंग घालवायचा, मग फुक्सिनचं शिफ रिएजंट अन् जांभळा रंग. लवकर कळायला ठीक आहे, पण दारूत ॲसिटाल्डिहाइड असतंच आणि तेही रंग देतं, कडक आम्लात त्याचा फिका पडतो पण डोळ्याला फसायला होतं. त्यावर हो-नाही एवढंच ठरवा, आकडा काढू नका.

जीसी असेल तर मात्र जीसीच. फ्लेम आयोनायझेशन डिटेक्टर (ज्योतीत जाळून मोजणारा), वॅक्स प्रकारचा पोलर कॉलम (पदार्थ जिच्यात वेगळे होतात ती लांब बारीक नळी), ओव्हन ४० अंशाला चार-पाच मिनिटं थांबवून मग हळूहळू वर, इंजेक्शन १ मायक्रोलिटर स्प्लिटमध्ये, म्हणजे त्यातला थोडाच भाग कॉलममध्ये जाईल असं. डिस्टिल्ड किंवा पांढरी दारू थेट चालते, साखर-कॅरामलवाली थेट टाकली तर लायनर (सॅम्पल आत शिरतं ती काचेची नळी) घाण होतं अन् पुढची दहा सॅम्पलं खराब. वॅक्स कॉलमवर मिथेनॉल इथेनॉलच्या आधी येतं ही चांगली गोष्ट, नाहीतर इथेनॉलच्या त्या डोंगराएवढ्या पीकच्या (मशीनच्या आलेखावरच्या उंचवट्याच्या) शेपटाखाली ते सापडलंच नसतं. वाईट गोष्ट ही की इथाइल ॲसिटेट त्याच्या अगदी शेजारी येतं, अन् कॉलम जुना झाला की दोघं एकमेकांत घुसतात. म्हणून सकाळी आधी दोघांचं एकत्र मिश्रण टाकून बघा, मधली दरी तळापर्यंत जाते का. जात नसेल तर तापमान कमी करा किंवा कॉलम बदला, सॉफ्टवेअरला मधे उभी रेघ मारायला लावून काम भागवू नका.

इंटर्नल स्टॅण्डर्ड (तुलनेसाठी आपण मोजून घातलेला पदार्थ) म्हणून ३-पेंटॅनॉल बरं पडतं. १-प्रोपॅनॉल घेऊ नका, ते आंबवलेल्या दारूत आपोआप असतं, मग तुमचं किती अन् दारूतलं किती. कॅलिब्रेशनचे निदान पाच पॉइंट, ४० टक्के इथेनॉलमध्ये लिटरला १० ते १००० मिलिग्रॅम मिथेनॉल, सगळ्यांत आणि सॅम्पलमध्येही इंटर्नल स्टॅण्डर्ड अगदी सारखंच. नुसत्या पीकच्या उंचीवरून किंवा इथेनॉलशी तुलना करून अंदाज बांधू नका, हा डिटेक्टर कार्बन मोजतो अन् मिथेनॉलमध्ये कार्बन एकच, तोही ऑक्सिजनला चिकटलेला, म्हणून सारख्या वजनाला मिथेनॉलचा पीक इथेनॉलपेक्षा बराच छोटा येतो. छोटा दिसतो म्हणून थोडं आहे असं वाटतं.

संशयित सॅम्पल असेल तर पहिलं इंजेक्शन शंभर पट पातळ करून टाका. बोटादसारखा प्रकार असेल तर थेट टाकल्यावर डिटेक्टर भरून जातो आणि सिरिंजमध्ये राहिलेलं पुढच्या तीन सॅम्पलमध्ये दिसतं, मग ज्याच्यात नाही त्याच्यातही सापडतं. मोठा पीक आला की पुढचं इंजेक्शन ब्लँकच. खात्रीसाठी दुसऱ्या प्रकारच्या कॉलमवर तेच सॅम्पल चालवा. मासवर (मास स्पेक्ट्रोमीटर, रेणूच्या तुकड्यांचं म्हणजे आयनांचं वजन बघणारं मशीन) बघणार असाल तर ३१ च्या आयनवर इथेनॉलपण येतं आणि ३२ वर हवेतला ऑक्सिजन, म्हणून एका आयनवर भरवसा नको, रिटेन्शन टाइम (कॉलममधून बाहेर यायला लागलेला वेळ) आणि आयनांचं एकमेकांशी प्रमाण दोन्ही जुळलं पाहिजे. अन् डिटेक्टरच्या ज्योतीला लागणाऱ्या हायड्रोजनची गळती रोज साबणाच्या पाण्यानं तपासा.

आलेल्या आकड्याचा अर्थ काय लावायचा, यात पण गोंधळ होतो. थोडं मिथेनॉल बऱ्याच चांगल्या दारूतही असतं, फळापासूनच्या ब्रँडीत जास्त, धान्याच्या किंवा मळीच्या स्पिरिटमध्ये अगदी कमी. युरोपात व्होडकाला मर्यादा १०० लिटर शुद्ध अल्कोहोलमागे १० ग्रॅम आहे आणि फळांच्या स्पिरिटला साधारण १००० ग्रॅमपर्यंत, यावरून फरक कळेल. आपल्याकडं एफएसएसएआयचे (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे) अल्कोहोलिक पेयांचे २०१८ चे नियम १ एप्रिल २०१९ पासून लागू आहेत, त्यात पेयानुसार टेबल आहे, रिपोर्ट लिहिताना त्या पेयाच्या रकान्याचाच आकडा घ्या, व्हिस्कीचा रकाना सगळ्याला लावू नका. अन् विषाचा आकडा वेगळ्याच पातळीवर असतो. ४२.८ टक्के दारूत फक्त १ टक्का मिथेनॉल असेल तर ते १०० लिटर शुद्ध अल्कोहोलमागे साधारण १८५० ग्रॅम होतं, आणि ज्या मालानं माणसं मरतात त्यात कितीतरी टक्के असतं. म्हणजे मर्यादेपेक्षा जरा वर आलेलं सॅम्पल हा क्वालिटीचा विषय आहे, तो कायद्याच्या रस्त्यानं जाऊ द्या. पण टक्क्यात आकडा आला तर तो दवाखान्याचा विषय आहे, आणि तिथं तास मोजावे लागतात.

अशा वेळी दुसऱ्या पद्धतीनं खात्री होण्याची वाट बघत बसू नका. पहिल्या रनला टक्क्यात दिसलं की लगेच फोन करा, सॅम्पल पाठवणाऱ्या अधिकाऱ्याला, राज्य उत्पादन शुल्कला, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या ऑफिसला, अन् स्पष्ट सांगा की हे प्राथमिक आहे, पक्का रिपोर्ट मागून येतोय, पण या नंबरच्या कॅनमधलं ज्यांनी ज्यांनी पिलंय त्यांना त्रास होत असो नसो आत्ता आणा. डॉक्टरांकडं यावर इलाज आहे, फोमेपिझोल (तेच लिव्हरमधलं एन्झाइम अडवणारं औषध) आहे, ते नसेल तर मोजून दिलेलं इथेनॉल आहे, डायलिसिस आहे, आणि जितका लवकर माणूस पोचेल तितके डोळे वाचतात. घरच्यांनी ऐकीव माहितीवर वरून अजून दारू पाजायची नाही, १०८ ला फोन करून न्यायचं. रक्ताचं सॅम्पल तुमच्याकडं येणार असेल तर नर्स ताईंना आधीच सांगा की दंडाला स्पिरिटचा बोळा लावू नका, आणि सोडियम फ्लोराइडच्या राखाडी झाकणाच्या ट्यूबमध्ये काठोकाठ घ्या.

फोन केल्याची वेळ, कुणाशी बोललो, कुठल्या कॅनबद्दल, हे त्याच वहीत लिहा जिथं ब्लँकचा आकडा लिहिलाय. बाटलीत उरलेलं सॅम्पल पुन्हा सील करून फ्रीजमध्ये ठेवा. अन् त्या कॅनचं गाव कुठलं, माल किती वाजता पकडला, हे फोनवर नक्की विचारून घ्या, म्हणजे पिऊन किती तास झाले ते मोजता येतं आणि कुणी अजून शेतात पाणी देत फिरत असेल तर त्याच्याकडं किती वेळ उरलाय ते समोरच्याला सांगता येतं.